माणिकराव गावित आणि सातपुड्याचं मत

खापरला १९८४ साली ज्यांनी पहिल्यांदा लोकसभेसाठी मत दिलं, त्यांची मुलं मोठी होऊन मतदानाच्या रांगेत उभी राहिली तरी काँग्रेसचा उमेदवार बदललेला नव्हता. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २०१४ च्या मे महिन्यापर्यंत नंदुरबारचा खासदार एकच होता, माणिकराव होडल्या गावित. सलग नऊ निवडणुका ते जिंकले. इंदिरा गांधी, राजीव गांधी, व्ही. पी. सिंग, चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल आणि मनमोहन सिंग हे नऊ पंतप्रधान त्यांनी खासदार म्हणून पाहिले. देशात एवढा काळ लोकसभेत टिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक आदिवासी आणि तोही नवापूरचा, याचा इकडच्या माणसाला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण त्याच तेहतीस वर्षांत सातपुड्यातल्या आदिवासीच्या पदरात जे पडलं, त्यातलं मोठं माप लोकसभेच्या बाहेर, रस्त्यावर लढून मिळालं. माणिकरावांचं चरित्र सांगायचं तर ही दोन्ही टोकं हातात धरूनच सांगावं लागतं.

आधी मुलूख समजून घेऊ. खापर अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. सातपुड्याच्या पायथ्याचं हे बाजाराचं गाव. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं मीठ-मिरची, कापड, बियाणं घ्यायला खाली उतरतात आणि पावसाळा सरला की ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. हद्दीपलीकडे सागबारा तालुका, तिथे देवमोगरा मातेचं ठाणं. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्ही राज्यांतले आदिवासी एकाच वाटेने चालतात. राज्यांची सीमा १९६० साली आखली गेली, सोयरिकी तिच्या कितीतरी आधीच्या.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, पण डोंगर त्यांच्या हाती सहज आला नाही. भिल्लांचं बंड मोडेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तरीही १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांनी सातपुड्यात इंग्रजांना झुंजवलं, अंबापाणीला मोठी लढाई झाली. काठी, गव्हाळी, चिखली, सिंगपूर, नाल, नवलपूर ही मेवासी संस्थानं सरकारने त्यांच्या प्रमुखांकडेच राहू दिली. त्यामुळे डोंगरातला आदिवासी गरीब राहिला तरी जमिनीवरून लवकर उठला नाही.

खाली तापीच्या काठी मात्र वेगळं घडलं. काळी कसदार जमीन, कापसाचं पीक, पुढे सुरत-भुसावळ रेल्वे. जमिनीला भाव आला तसा सावकार आणि बाहेरून आलेला कसबी शेतकरी दोघेही पुढे सरकले. कर्ज, व्याज, अंगठा, कोर्टाचा हुकूम, या चार पायऱ्यांत भिल्लाचं शेत दुसऱ्याच्या नावावर गेलं आणि तो त्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागला. खानदेशात आखाजीला साल ठरतं. वर्षभराचा करार, कामाला तास नाहीत, उचल घेतलेली असल्याने मधेच सोडायची सोय नाही. शहादा, तळोदा, नंदुरबार या पट्ट्यातल्या पुढच्या साऱ्या राजकारणाचं मूळ या सालदारीत आहे.

या दबलेल्या समाजातून पहिला मोठा हुंकार उठला तो राजकारणातून नव्हे. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज, लोकांच्या तोंडी गुल्या महाराज, यांनी आरती सुरू केली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकमेकांना मानाने हाक मारा, एवढंच त्यांचं सांगणं. दर सोमवारी हजारो आदिवासी मोरवडला जमू लागले. एवढी माणसं शिस्तीने एकत्र येतात, हेच अधिकाऱ्यांना आणि दारूच्या ठेकेदारांना खुपलं. १९३८ मध्ये महाराज वारले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, त्यांच्यावर तडीपारीची वेळ आली. यातून उभ्या राहिलेल्या आप पंथाची परंपरा आजही जिवंत आहे. शहाद्याच्या पुढच्या लढ्यात भजनी मंडळं आणि दारूबंदी इतक्या सहज मिसळून गेली, त्याचं बीज मोरवडला पेरलेलं होतं.

स्वातंत्र्य आलं आणि राज्यघटनेने अनुसूचित जमातींना लोकसभेत व विधानसभेत राखीव जागा दिल्या. मुदत दहा वर्षांची होती, ती वेळोवेळी वाढत गेली. राखीव जागेने एक गोष्ट नक्की केली: उमेदवार आदिवासीच असणार. पण त्याला निवडणारे, तिकीट देणारे, प्रचाराला पैसा आणि गाड्या पुरवणारे आदिवासीच असतील, हे घटनेला सांगता येत नव्हतं. साखर कारखाना, बँक, बाजार समिती, जिल्हा परिषद यांच्या दोऱ्या खालच्या पट्ट्यातल्या बड्या शेतकऱ्यांच्या हातात राहिल्या. तरी मतदार अगदीच मुका नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात इथला कौल काँग्रेसविरोधी होता, आणि १९६२ मध्येही प्रजासमाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी नंदुरबारहून लोकसभेत गेले. १९६७ ला तुकाराम हुराजी गावित काँग्रेसतर्फे निवडून आले आणि तिथून ही जागा काँग्रेसची झाली, ती पुढची सत्तेचाळीस वर्षं.

याच सुमारास शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचा एक भिल्ल तरुण भजनं गात गावोगाव हिंडत होता. त्याचं नाव अंबरसिंग सुरतवंती, पुढे लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणू लागले. सर्वोदयाच्या कामातून ते घडले होते. १९७१ चा उन्हाळा टंचाईचा होता. मे महिन्याच्या सुरुवातीला पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या भिल्लांवर बंदुका चालल्या. एक जण ठार झाला, आणि अटकेत मोठ्या संख्येने गेले ते भिल्लच. बातमी मुंबई-पुण्याला पोचली. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, पाठोपाठ डाव्या विचारांची शिकलेली मुलं आली. कुमार शिराळकर हे त्यांतलं आज सर्वांना माहीत असलेलं नाव. वाहरू सोनवणे हा इथलाच भिल्ल तरुण पुढे आला, नंतर कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं.

३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भू-मुक्ती परिषद भरली. मागणी सरळ होती: आमच्या बापजाद्यांची जमीन परत द्या. परिषद संपली तरी काम थांबलं नाही. तलाठ्याकडचे जुने उतारे काढायचे, कोणत्या साली कोणाचं नाव कमी झालं ते बघायचं, मग माणसं जमवून त्या शेताच्या बांधावर जायचं, असं सुरू झालं. ज्याने कधी सातबारा हातात धरला नव्हता तो आता सर्व्हे नंबर तोंडपाठ सांगू लागला. माझ्या मते या आंदोलनाची खरी कमाई ही आहे. मोर्चे पुष्कळ निघतात, पण अडाणी ठरवलेल्या माणसाने महसुली कागद वाचायला शिकणं ही गोष्ट सत्तेला जास्त जड जाते.

त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, सुटी, कामाचे तास यांवर संप झाले. १९७२-७३ चा दुष्काळ पडला तेव्हा रोजगाराची कामं काढायला सरकारला भाग पाडलं. बायका तर पुरुषांच्याही पुढे गेल्या. गावात हातभट्टी दिसली की त्यांचा जथा यायचा आणि मडकी फुटायची. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चावडीवर जाब द्यावा लागायचा. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी १९७६ साली या चळवळीवर लिहिलं आणि शहाद्याचं नाव परदेशातल्या विद्यापीठांत पोचलं. बड्या शेतकऱ्यांनीही पीक संरक्षणाच्या नावाने आपली फळी बांधली होती. ताण रोजचा होता. त्या धावपळीत अंबरसिंग महाराजांनी शरीराकडे पाहिलं नाही, आणि १९७४ मध्ये ते तरुण वयातच गेले.

त्यांनी लोकसभा किंवा विधानसभा पाहिली नाही. पण त्याच काळात विधिमंडळात जे कायदे झाले, त्यांवर या लढ्याची सावली स्पष्ट आहे. आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न तपासायला महसूलमंत्री हरिभाऊ वर्तक यांची समिती १९७१ च्या मार्चमध्येच, म्हणजे पाटीलवाडीच्या आधी नेमली गेली होती. ठाण्याच्या वारल्यांपासून चंद्रपूरच्या गोंडांपर्यंत सगळीकडची तक्रार तिच्यासमोर होती. तेव्हा सगळं श्रेय एकट्या शहाद्याला देता येणार नाही. तरी समितीचा अहवाल फायलीत कुजला नाही, याला रस्त्यावर उतरलेली माणसं कारण होती.

६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल कायदा बदलला. सरकारी परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने घेणं बंद झालं. पाठोपाठ आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल अशा कोणत्याही मार्गाने गेलेली जमीन मूळ आदिवासीला परत करायची, त्याने ती स्वतः कसायची, आणि मोबदला म्हणून शेतसाऱ्याच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम व सुधारणांची किंमत हप्त्याने द्यायची, अशी त्याची रचना. जमीनधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात न्यायालयाने कायदा उचलून धरला. सगळ्यांना जमीन मिळाली असं नाही. ताबा कागदावर एकाचा आणि शेतात दुसऱ्याचा, अशी प्रकरणं राहिलीच. पण जमीन खाण्याचा जुना राजरस्ता बंद झाला.

माणिकराव गावितांचं राजकारण या काळात, पण वेगळ्या वाटेने वाढलं. त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १९३४ चा, नवापूर तालुक्यातला. नवापूर सुरत रेल्वेवर आणि सुरतेच्या हमरस्त्यावर. तिथलं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गावपातळी आणि जिल्हा परिषद या शिड्या चढत ते आले. धुळे जिल्हा तेव्हा एकच होता आणि आदिवासी भागातल्या शाळा, विहिरी, रस्ते यांची किल्ली जिल्हा परिषदेत असायची. या घडणीचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला. माणसांची कामं करायची, पक्षाशी एकनिष्ठ राहायचं, आवाज चढवायचा नाही.

नवापूरचं राजकारण दोन माणसांभोवती फिरलं. सुरूपसिंग नाईक १९७७ मध्ये लोकसभेत गेले. उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली त्या निवडणुकीतही नंदुरबार तिच्याकडेच राहिलं. १९८० मध्ये सुरूपसिंग पुन्हा लोकसभेवर आणि माणिकराव विधानसभेवर निवडून आले. पुढच्याच वर्षी अदलाबदल झाली: सुरूपसिंग राज्याच्या राजकारणात परतले आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत माणिकराव उतरले. तेव्हा त्यांचं वय शेहेचाळीस होतं.

त्यांच्या सलग विजयांचं कारण काय? पहिलं उत्तर इंदिरा गांधी. वीस कलमी कार्यक्रम, कर्जमाफी, कसणाऱ्याला पट्टा या सगळ्याशी पाड्यावरच्या माणसाने त्यांचंच नाव जोडलं होतं. काँग्रेसच्या मोठ्या प्रचारसभा नंदुरबारला होत, त्यामागेही हा हिशोब होता. दुसरं उत्तर विरोधकांची विखुरलेली ताकद. श्रमिक संघटनेत पुढे फूट पडली, कोणी पक्षात गेलं, कोणी पक्षाबाहेर राहिलं. मजुरीच्या लढ्यात संघटनेच्या मागे चालणारा माणूस मतदानाच्या दिवशी पंजावर शिक्का मारायचा आणि त्यात त्याला विसंगती वाटायची नाही. संघटना भांडून देते, सरकारदरबारचं काम काँग्रेसवाला करतो, असा त्याचा रोकडा विचार होता. तिसरं उत्तर स्वतः माणिकराव. भपका नाही, कोणाशी कायमचं वैर नाही. पक्ष कितीदा फुटला, शरद पवारांनी १९९९ मध्ये वेगळी चूल मांडली, तरी हे हलले नाहीत.

अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरात मात्र या वर्षांत दुसरंच संकट चढत होतं. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं जाणार होती, सगळी याच दोन तालुक्यांतली, सगळी आदिवासी. पहिलं मणिबेली. खालच्या पट्ट्यात जमीन सावकाराने घेतली होती, मेवासात ती वाचली होती, आता तिच्यावर सरकारी पाणी येत होतं. सातबारा नाही, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, कागदोपत्री जमीन वनखात्याची. मग विस्थापित ठरवायचं कोणाला, हाच पहिला झगडा झाला. मेधा पाटकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८६ मध्ये इथे धरणग्रस्त समिती उभी केली, पुढे ती नर्मदा बचाओ आंदोलनात मिळाली. १९९१ पासून मणिबेलीत सत्याग्रह झाले. पाणी दारात आलं तरी माणसं घरातून हलली नाहीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा मारला गेला.

१९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. पुढच्या वर्षी बँकेच्या धरणकर्जांविरुद्ध जगभरच्या संघटनांनी जाहीरनामा काढला आणि त्याला नाव दिलं मणिबेलीचं. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्याचं नाव वॉशिंग्टनमध्ये घेतलं गेलं. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली चार हजार हेक्टरांवर जमीन मोकळी केली गेली, रोझवा, सोमावल अशा वसाहती झाल्या. डोंगरात आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. धरणाची उंची मात्र वाढत गेली आणि २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. जे पुनर्वसन पदरात पडलं ते अर्ज, धरणं, न्यायालय आणि पाण्यात उभं राहून मिळालेलं आहे. २०१४ पर्यंत ही गावं माणिकरावांच्याच मतदारसंघात होती, आणि निवडणुकीत त्यांचा विजयही ठरलेला होता. राखीव जागेची मर्यादा मला इथे सर्वांत जास्त जाणवते. धरण तीन-चार राज्यांचं, पाणी गुजरातचं, निर्णय दिल्लीचा. त्यात तेहतीस गावांच्या मतांचं वजन ते किती?

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. डोंगरातल्या मोलगीच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी धुळ्यापर्यंत जावं लागे, ते थांबलं. २००४ मध्ये मनमोहन सिंगांच्या सरकारात माणिकराव गृहराज्यमंत्री झाले. सत्तरीला आलेल्या माणसाला पहिलं केंद्रीय मंत्रिपद मिळालं, तेही आठव्या विजयानंतर. पक्षाने त्यांची निष्ठा गृहीत धरली होती, असं यावरून म्हटलं तर चुकीचं होणार नाही. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. त्याच्या मागेही देशभरच्या जंगल संघटनांचा रेटा होता, सातपुड्यातल्या संघटना त्यांत होत्या. अक्कलकुवा-अक्राणीत हजारो घरांना पहिल्यांदा दावा टाकता आला, तो या कायद्याने.

मग २००९. नवव्यांदा निवडून आलेले माणिकराव सभागृहातल्या सर्वांत जुन्या सदस्यांत होते, म्हणून त्यांना हंगामी अध्यक्ष नेमलं. शपथ दिली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, त्याही खानदेशच्याच, जळगावच्या. १ जूनला पंधरावी लोकसभा भरली. प्रणव मुखर्जी, लालकृष्ण अडवाणी, सोनिया गांधी यांच्यासह सारे सदस्य एकेक करून शपथ घेत होते आणि अध्यक्षांच्या आसनावर नवापूरचा आदिवासी बसला होता. ३ जूनला मीरा कुमार अध्यक्ष झाल्या, तोवरचा तो मान. जेमतेम तीन दिवसांचा असला तरी ज्यांच्या आजोबांना कचेरीच्या पायरीवर उभं राहायची चोरी होती, त्यांच्यासाठी तो थोडा नव्हता.

२९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान आणि सोनिया गांधी जिल्ह्यातल्या टेंभलीत आले आणि देशातलं पहिलं आधार कार्ड तिथे दिलं गेलं. दोनच वर्षांनी राज्याचा मानव विकास अहवाल आला, त्यात नंदुरबार शेवटच्या क्रमांकावर होतं. कुपोषण, बाळंतिणींचे हाल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते हे सगळं जुनंच होतं. नवं हे झालं की पाड्यावरचं पोर आता आश्रमशाळेतून कॉलेजात पोचलं होतं, मोबाइल वापरत होतं आणि आजीच्या इंदिरामायीवर त्याचं मत ठरत नव्हतं. २०१३ मध्ये माणिकराव पुन्हा राज्यमंत्री झाले, सामाजिक न्याय खात्याचे. उशीर झाला होता.

२०१४ मध्ये समोर होत्या डॉ. हीना गावित, माजी मंत्री विजयकुमार गावितांची कन्या, पंचविशी नुकतीच ओलांडलेली डॉक्टर. देशभर मोदींची लाट, आणि जिल्ह्यात वडिलांची वर्षानुवर्षांची बांधणी. माणिकराव १,०६,९०५ मतांनी हरले. भाजपला ही जागा पहिल्यांदा मिळाली. २०१९ मध्ये ती पुन्हा भाजपकडेच राहिली आणि माणिकरावांचे चिरंजीव भरत गावित भाजपमध्ये गेले. स्वतः माणिकराव मात्र अखेरपर्यंत काँग्रेसचेच राहिले. १७ सप्टेंबर २०२२ ला वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी नाशिकला त्यांचं निधन झालं.

२०२४ मध्ये मतदाराने पुन्हा पान उलटलं. अक्कलकुव्याचे दीर्घकाळचे आमदार के. सी. पाडवी यांचे चिरंजीव गोवाल पाडवी काँग्रेसकडून दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. संविधान आणि आरक्षण यांची काळजी त्या वेळी पाड्यापाड्यांवर बोलली जात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस विधानसभेला त्याच अक्कलकुव्याने के. सी. पाडवींना घरी बसवलं. सहा महिन्यांत एकाच मतदाराने मुलाला दिल्लीला धाडलं आणि बापाला पाडलं. माणिकरावांच्या काळात असं घडलं नसतं.